हंड्याचा हिशेब

मानपाडा नावाची दोन गावं आहेत आणि दोन्ही ठाणे जिल्ह्यातच. एक ठाण्याला घोडबंदर रोडवर, येऊरच्या डोंगराखाली. दुसरं डोंबिवलीच्या पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याला लागून. मी या दुसऱ्यात राहतो, चाळीत. नवीन माणूस भेटला की आधी विचारतो, कुठला मानपाडा? आणि लगेच, पाणी कसं आहे तिकडं? आमच्या आज्याला पाणी द्यायच्या आधी जात विचारायचे. मला पाण्याचं आधी विचारतात, जात नंतर, खोली भाड्यानं देताना. एवढी प्रगती झाली, नाही म्हणू नये.

मित्रांनो, चवदार तळ्यावर आपण दर २० मार्चला बोलतो. बोललंच पाहिजे. पण तळ्यावरनं, विहिरीवरनं, नळावरनं उचललेलं पाणी घरात आलं की पुढं त्याचं काय होतं, किती येतं, कोण आणतं, कुठं खर्चतं, यावर आपण बोलत नाही. हा इतिहास बायकांच्या डोक्यावरचा आहे आणि लिहिणारे आपण सगळे बाप्ये.

७ मे २०२२ ची गोष्ट. संदप गावाजवळच्या दगडखाणीत एकाच घरातली पाच माणसं बुडून मेली. सासू, सून आणि तीन नातवंडं. राहणारी देसलेपाड्याची. नोंद झाली मानपाडा पोलीस ठाण्यात. ही माणसं पोहायला गेली नव्हती, फिरायला गेली नव्हती. कपडे धुवायला गेली होती. गावात पाण्याची बोंब होती. एक पोर पाण्यात गेलं, त्याला धरायला बाकीची गेली. त्यांची जात कोणती, हे शोधायला मी गेलो नाही. जात कळली असती तर आपण निषेधाचं पत्रक काढलं असतं, नाही कळली म्हणून काढलं नाही, हेही खरं.

आता यात घरच्या पाण्याचा इतिहास कसा आहे बघा. पिण्याला पाणी थोडं लागतं, ते कसंही आणता येतं, शेजारून मागता येतं, बाटलीत विकतही घेता येतं. कपड्याला पाणी बदाबदा लागतं. तेवढं डोक्यावर आणता येत नाही. म्हणून पाणी घराकडं येत नसेल तर कपडे पाण्याकडं न्यावे लागतात. नदीवर, ओढ्यावर, खाणीवर. गावात सगळ्याच जातीच्या बायका हे करायच्या. शहरात २०२२ साली ते कुणाला करावं लागतं, हा प्रश्न आहे.

सरकारनं माणशी पाण्याचं माप ठरवलेलं आहे. ज्या शहरात भुयारी गटार आहे तिथं माणशी दिवसाला १३५ लिटर. महानगरात १५०. नळ आहे पण गटार नाही तिथं ७०. सार्वजनिक नळकोंडाळ्यावरनं भरणाऱ्याला ४०. खेड्याला कित्येक वर्षं ४० च होतं, २०१९ च्या जलजीवन मिशननं ५५ केलं. लिटरानं आपल्याला काही कळत नाही. हंड्यात मोजू. मोठा हंडा धरा १५ लिटरचा. गटारवाल्या शहरातल्या माणसाला रोज नऊ हंडे. पाच माणसांच्या घराला ४५. नळकोंडाळ्यावरच्या माणसाला तीन हंडेसुद्धा पुरते नाहीत. म्हणजे सरकारी कागदावरच लिहून ठेवलंय की कोंडाळ्यावरचा माणूस कमी मळतो, कमी घाम गाळतो, त्याची पोरं कमी हगतात. आणि हा कागद मनूनं लिहिलेला नाही, इंजिनिअरांनी लिहिलेला आहे. त्यांचं म्हणणं, हे प्रत्यक्ष वापरावरून काढलेलं माप आहे. बरोबर आहे! ज्याला तीन हंडे मिळतात तो तीनच वापरतो.

आमची आजी सोलापूरकडची, करमाळ्याच्या बाजूची. ती सांगायची ते घर असं. एक डेरा पिण्याचा, एक रांजण वापरायचा. दिवसाला चार खेपा झाल्या तर तो दिवस चांगला. आठ-दहा माणसांचं घर. भांडी राखेनं घासायची आणि राख फडक्यानं पुसून वर चार थेंब फिरवायचे. साबण लावला तर पाणी जास्त लागतं, राखेला लागत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी शेळीला. अंघोळ आठवड्यातनं एकदा, बाजारच्या दिवशी, दगडावर बसून, आणि ते पाणी वाहत जाऊन जिथं थांबेल तिथं एखादा दोडक्याचा वेल. पाण्याचा एक थेंब तीन-तीन कामं करायचा. आज पर्यावरणवाले लोक हे पुस्तकात छापतात, फोटो काढतात. आजीला विचारलं असतं तर तिनं शिवी घातली असती. हा काही तिचा संस्कार नव्हता. गावची विहीर बंद, नदीवर वरचा घाट सवर्णांचा, त्याखाली कपडे-गुरं, आणि सगळ्यांचं धुऊन झालेलं पाणी खाली महारवाड्याला. उन्हाळ्यात नदी आटली की विहिरीच्या काठाला लांब बसायचं आणि वाट बघायची. कुणी बाई येईल, तिला दया येईल, ती वरून ओतील. "सकाळपास्नं बसलो तरी कुनी वतलं न्हाई, मंग दुपारच्याला झरा उकरला," असं ती सहज सांगायची, पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं.

पाणी नाकारायचं, आणि मग म्हणायचं ही जात घाण राहते. हा डाव किती जुना आहे ते समजून घ्या.

आणि आता जे लिहितोय ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. महारवाड्यानं पुढं आपली विहीर खणली. वर्गणी काढून, स्वतः खणली. त्या विहिरीवर मांगवाड्याला पाणी नव्हतं. मांगाच्या बाया आमच्या विहिरीच्या काठाला बसायच्या आणि आमच्या बाया वरून ओतायच्या. आजी तेही त्याच सुरात सांगायची. असं एका आमच्याच गावात झालेलं नाही. तुमच्यातल्या ज्यांची गावं अजून सुटलेली नाहीत त्यांनी घरी विचारून बघावं.

बाबासाहेबांनी स्वतःच्या लहानपणचं लिहिलंय ते तुम्ही वाचलं असेल. साताऱ्याच्या शाळेत नळ होता. पण त्यांनी तोट्या हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसला की तहान तशीच घरी न्यायची. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला जाताना भावंडांजवळ शिदोरी होती, वाटेत पाणी कुणी दिलं नाही, म्हणून जेवताही आलं नाही. आपण हे प्रसंग ऐकून मूठ आवळतो. पण शाळेतला तो नळ नीट बघा. साताऱ्याची ती शाळा म्हणजे आडगावची विहीर नव्हती, तिथं नळ आलेला होता. सुधारणा आलेली होती. फक्त तोटी कुणाच्या हातात, एवढाच प्रश्न शिल्लक होता. तो प्रश्न अजून गेलेला नाही. आमच्याकडं व्हॉल्व सोडणारा माणूस येतो, त्याचा मोबाईल नंबर गल्लीतल्या एकाकडं आहे, आणि त्या एकाशी सगळी गल्ली गोड बोलते.

जोतीरावांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हे घरातलं पाणी होतं, स्वतःच्या मालकीचं, म्हणून एका रात्रीत खुलं करता आलं. सार्वजनिक पाण्याला त्यानंतर ५५ वर्षं लागली. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला की सरकारी पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव वहीत राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग मारझोड, मग १०८ घागरी दही-दूध-शेण-गोमूत्र ओतून तळ्याची शुद्धी. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होताना, नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ ला. एक ओंजळ पाण्याला दहा वर्षं.

हे सगळं तुम्हाला पाठ आहे. एक गोष्ट कमी सांगितली जाते. त्या मार्चच्या परिषदेला जमलेल्या माणसांना प्यायला पाणी हवं होतं. तळं तर बंद. मग सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं. १९२७ चे चाळीस रुपये! उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर येतो, वर्गणी काढतात, तेव्हा मला हे चाळीस रुपये आठवतात. फुकट दिलं तर बाटतं, विकलं तर बाटत नाही, हे गणित तेव्हाच पक्कं झालेलं होतं.

आणखी एक. त्याच वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत, मनुस्मृती जाळली त्या वेळी, बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. स्वच्छ राहा, नीट नेसा, आपली ओळख पटावी म्हणून घालायला लावलेले दागिने आणि लुगड्याची तऱ्हा टाका. बायकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून नेसण्याची तऱ्हा बदलली असं चरित्रकार लिहितात. पण पायघोळ लुगडं रोज धुवायचं म्हणजे खेपा वाढल्या, हे चरित्रात नाही. चळवळीनं घरातला पाण्याचा खर्च वाढवला. वाढवायलाच हवा होता. माणूस म्हणून जगायचं तर पाणी जास्त लागतं. तो जास्तीचा हंडा कुणी उचलला, एवढंच मला नोंदवायचंय.

मुंबईत आलेल्या आपल्या माणसांचं पाणी वेगळं. १८६० साली विहार तलावाचं पाणी नळानं मुंबईत आलं, मग तुळशी, मग १८९२ मध्ये तानसा. प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, त्याच्या चाळी उठल्या. परळच्या अशाच बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब राहिले. चाळीनं आपल्याला दोन गोष्टी दिल्या. सामाईक नळ आणि खोलीतली मोरी. मोरी ही फार मोठी गोष्ट आहे, तिच्यावर कुणी कविता करत नाही. गावाकडं महारणीला अंगावर पाणी घ्यायला अंधार पडायची वाट बघावी लागे. मोरीनं तिला दीड हात उंचीचा कठडा आणि एक पडदा दिला. पाणी पहिल्यांदा घराच्या आत, चार भिंतींत सांडायला लागलं. पिंप आलं, बादली आली, तांब्या जाऊन जर्मनचा मग आला. खेप विहिरीपासून नळापर्यंत आली आणि रांग सुरू झाली. आता ओतणाऱ्याची दया नाही, पण नंबर लागला पाहिजे. भांडण करता येतं हा सगळ्यात मोठा फरक. गावच्या विहिरीवर आपल्याला भांडता येत नव्हतं.

शहर म्हणजे विटाळ गेला, असं मात्र समजू नका. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले तेव्हा तिथल्या काही प्राध्यापकांनी स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावायला हरकत घेतली होती. पदवी कोलंबियाची, माठ मात्र तोच.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा, वर पाट्या लावलेल्या. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं त्या उतरल्या. आपल्याकडं पाटी कधी लावावी लागली नाही, पोराला पाळण्यातच कळायचं. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट अशी नावं घेऊन लिहिलं. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात नळसुद्धा घातला. आणि १९७२ च्या दुष्काळात परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला विहिरीच्या पाण्यापायी दलित बायांची विटंबना झाली. पँथर त्याच वर्षी उभी राहिली.

त्या दुष्काळानं एक वस्तू मात्र गावोगाव आणली. बोअरचा हातपंप. यातला मजबूत लोखंडी पंप आपल्याच मुलखात घडला, जालन्याला आणि सोलापूरला. पुढं त्यावरूनच इंडिया मार्क टू तयार झाला आणि देशभर गेला. पंपाला काठ नसतो. त्यात कुणाचं भांडं बुडत नाही, कुणाचा पोहरा कुणाच्या पाण्याला लागत नाही. शास्त्रानं विटाळाला जागाच ठेवली नाही असं वाटावं. मग लोकांनी काय केलं? आपल्या माणसानं हापसून झालं की दांडा धुऊन घ्यायचे. पाण्याला विटाळ लागत नाही ना, मग लोखंडाला लावू! पण दलित वस्तीत स्वतंत्र पंप बसले आणि आईची खेप अर्ध्या कोसावरून अंगणात आली हे कबूल केलं पाहिजे. गावाकडं रोज अंघोळ आमच्या घरात तेव्हा सुरू झाली, असं आई सांगते.

आता परत मानपाड्याला येतो.

डोंबिवलीचं एम.आय.डी.सी. १९६० च्या दशकातलं. त्याला पाणी हवं म्हणून बारवी नदीवर धरण बांधलं, १९७० च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं उंची वाढवत नेली, आणि प्रत्येक टप्प्याला मुरबाडकडचे आणखी काही पाडे पाण्याखाली गेले. त्यात आदिवासी पुष्कळ. त्यांच्या घरातलं पाणी एकदम छपरावरून गेलं. धरणाचं पाणी उल्हास नदीत सोडतात, जांभूळला शुद्ध करतात आणि मोठ्या नळांतून इकडं आणतात. आधी कारखान्यांना, मग वसाहतींना, मग गावांना. आगरी-कोळ्यांच्या या गावांत आधी विहिरी होत्या, तळी होती, भातशेती होती. नळ आला तसं विहिरीकडं लक्ष राहिलं नाही. काही बुजल्या, काहींवर चाळ उभी राहिली, काहींच्या पाण्याला कारखान्यांचा वास यायला लागला. आणि मग नळही पुरेना, तेव्हा विहीर नव्हती.

मानपाडा ज्या २७ गावांत मोडतो ती गावं महापालिकेतून २००२ साली काढली, २०१५ साली परत घातली, २०२० साली त्यातली १८ परत काढली आणि ते हायकोर्टानं रद्द केलं. गावं आत-बाहेर होत होती तेवढ्या वेळात रस्त्याच्या कडेला मजल्यावर मजले चढत होते. तिथल्या घरात दोन-दोन संडास, शॉवर, कपडे धुण्याचं मशीन, आणि पिण्याच्या पाण्याला आर.ओ., जो एक तांब्या शुद्ध करायला एक-दोन तांबे गटारात सोडतो. त्याच नळावर शेपटाला आमची चाळ. दाब शेपटाला पोचत नाही. इथं कुणी कुणाला शिवू नको म्हणत नाही. फक्त आमचा मजला खाली असूनही पाणी वर जातं. त्यांच्याकडं मोटार आहे.

सगळ्या ठाणे जिल्ह्याचंच असं आहे. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आणि त्याच्या आसपास. आणि दर उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांना टँकर. मुंबईचे नळ गावांच्या अंगणातून जातात, पोरं त्यावर बसून खेळतात.

संडासाचं राहिलं. माणशी १३५ लिटरचा मोठा हिस्सा त्यातच जातो. मुंबईत पूर्वी टोपलीचे संडास होते, आणि ते उचलायला आपल्यातल्याच काही जाती. त्यासाठी हलालखोर कर नावाचा कर घरमालकाकडून घ्यायचे. फ्लश आला तेव्हा वाटलं पाण्यानं माणसाचं डोकं मोकळं केलं. दोरी ओढली की बादलीभर पाणी आणि घाण नाहीशी. कुठं नाहीशी? १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला आणखी कडक झाला. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीला, म्हणजे त्या दुसऱ्या मानपाड्यापासून हाकेच्या अंतरावर, एका वसाहतीच्या मैलापाण्याच्या टाकीत उतरलेले तीन सफाई कामगार गुदमरून मेले. वरच्या मजल्यावर नऊ हंडे वापरणाऱ्याचे ते नऊ हंडे खाली कुठं तरी जमतात. तिथं कोण उतरतं ते तुम्हाला सांगायला नको.

२०१४ च्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टानं पाणी हक्क समितीच्या अर्जावर सांगितलं की झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, जगण्याच्या हक्कात पाणी येतं. चांगला निकाल. त्यातच म्हटलं की दर जास्त लावता येईल. तिकडं दक्षिण आफ्रिकेत, सोवेटोच्या फिरी वस्तीत, काळ्यांच्या घरांना आधी पैसे भरायचे मीटर बसवले. महिन्याला सहा हजार लिटर फुकट, संपलं की नळ आपोआप बंद. लोक कोर्टात गेले. २००९ साली तिथल्या घटना न्यायालयानं मीटर योग्य ठरवलं. माणशी २५ लिटरचा हिशेब. आपल्या मापानं दोन हंडेसुद्धा नाहीत. मंडेलांच्या देशात! तोटी सोडणारा शिपाई आता पेटीत बसलाय, एवढंच.

आम्ही काही पोरांनी चाळीत वही फिरवायची ठरवलीय. रकाने आखलेत. पाणी किती वाजता येतं, किती वेळ, घरात माणसं किती, हंडे किती, विकत किती रुपयांचं, आणि शेवटी, कोण भरतं आणि त्यापायी कुणाचा खाडा पडतो. पहिले रकाने आम्हीच भरले. शेवटचा बायकांनी सांगायचा, म्हणून रविवारी सकाळी बुद्धविहारात बैठक बोलावली. एकही बाई आली नाही. आम्ही पाऊण तास वाट बघून, बायकांत जागृती नाही वगैरे बोलून घेतलं. बाहेर आलो तर सगळ्या नळावर. त्या दिवशी त्याच वेळेला पाणी आलेलं होतं. पुढची बैठक आता पाणी गेल्यावर ठेवलीय.